धुराचं इंधन होईल हो, पण इलेक्ट्रॉनची उधारी कोण फेडणार?

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्या पत्रांत एकच विषय, तो व्हॉट्सअॅपवर फिरणारा मेसेज, ज्यात लालसर पाण्याच्या बाटलीचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय की धातूचं हे द्रावण उन्हात ठेवलं की कार्बन डायऑक्साइडचं इंधन होतं. माझ्या स्वतःच्या फोनवर तो तीन ग्रुपमधून आला, त्यातला एक नौपाड्यातल्या आमच्या भिशीचा. तेव्हा बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, आज फक्त हेच.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी रबाळ्याला एका केमिकल कंपनीत २८ वर्षं ऑपरेटर होतो, आता रिटायर. नातवाने तो मेसेज दाखवला. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या चिमण्यांना हे का नाही जोडत? आमचं निम्मं आयुष्य त्या धुरात गेलं.
– एक वाचक, ऐरोली

काका, नमस्कार. खरं आहे, आणि नवीन तर अजिबात नाही. १९८३ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ज्याँ-मारी लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रेनियम नावाच्या धातूचं एक कॉम्प्लेक्स द्रावणात घालून, त्यात कार्बन डायऑक्साइड सोडून प्रकाश टाकला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. कॉम्प्लेक्स म्हणजे काय, तर मध्ये एक धातूचा अणू आणि त्याला चहूबाजूंनी धरून बसलेले दुसरे रेणू, ज्यांना लिगँड म्हणतात. त्यांच्याकडे १०० फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, शोषले गेले तर साधारण १४ रेणू कार्बन मोनॉक्साइड मिळत होता, जे त्या काळी भारीच होतं. लेनना पुढे १९८७ ला नोबेल मिळालं पण ते दुसऱ्या कामासाठी.

आता अडचण कुठे येते ते सांगते, आणि हे जरा सविस्तर सांगते कारण सगळी गंमत इथेच आहे. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ काठीसारखा असतो, मध्ये कार्बन, दोन्ही टोकांना ऑक्सिजन, आणि तो स्वतःवर फार खूश असतो, म्हणजे जळून झाल्यावर जे उरतं तेच हे, राखच म्हणा ना. त्याचं परत इंधन करायचं तर त्याच्यात इलेक्ट्रॉन घालायला लागतात, ज्याला शाळेत क्षपण म्हणायचो. एकच इलेक्ट्रॉन घालायला गेलात तर तो सरळ रेणू वाकतो, काठीचा कोयता होतो, आणि त्यासाठी उणे १.९० व्होल्ट लागतात, जे प्रचंड आहे. पण तेच दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन असे एकदम दिले तर उणे ०.५३ व्होल्टमध्ये काम होतं आणि कार्बन मोनॉक्साइड मिळतो. म्हणजे एकेकटा पाठवला तर महाग, जोडीने पाठवला तर स्वस्त.

ठाणे स्टेशनला शेअर रिक्षा कशी सुटते ते आठवा, पहिला पॅसेंजर बसला तरी ड्रायव्हर हलत नाही, सीट भरल्या की मगच निघतो. धातूचं कॉम्प्लेक्स नेमकं हेच करतं. प्रकाशाचा एक कण एका वेळी एकच इलेक्ट्रॉन हलवू शकतो, मग कॉम्प्लेक्स पहिला इलेक्ट्रॉन धरून ठेवतं, मध्येच स्वतःला चिकटलेला क्लोरीन सोडून देऊन जागा रिकामी करतं, त्या जागेवर कार्बन डायऑक्साइड येऊन बसतो, दुसरा इलेक्ट्रॉन आला की त्याचा एक ऑक्सिजन पाणी होऊन जातो आणि कार्बन मोनॉक्साइड सुटतो, मग रिक्षा परत स्टँडला. म्हणून याला उत्प्रेरक म्हणायचं, तो स्वतः खर्च होत नाही, निदान कागदावर तरी.

आता काका, तुम्ही ऑपरेटर होतात म्हणून तुम्हाला लगेच कळेल असा प्रश्न विचारते, हे इलेक्ट्रॉन येतात कुठून? फॉरवर्डमध्ये हे कधीच नसतं. लेनच्या प्रयोगात आणि त्यानंतरच्या बहुतेक प्रयोगांत ते आले ट्रायइथेनॉलअमाइनमधून, तुम्ही प्लँटवर ज्याला टीईए म्हणत असाल, तेच ते क्रीममध्ये आणि सिमेंट दळताना घालतात ते. ते इलेक्ट्रॉन देतं आणि स्वतः मोडून जातं, परत येत नाही, म्हणून त्याला बळी जाणारा दाता असंच म्हणतात. हिशोब करून बघा, एका टीईए रेणूने फार तर दोन इलेक्ट्रॉन दिले असं धरलं तरी २८ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड करायला १४९ ग्रॅम टीईए संपलं, म्हणजे मालाच्या पाचपट वजनाचं केमिकल जाळलं. आणि टीईए बनतं कशापासून, इथिलीन ऑक्साइड आणि अमोनियापासून, म्हणजे फिरून पेट्रोकेमिकलच. धूर कमी करायला निघालो आणि त्यासाठी अजून एक प्लँट चालवायला लागला. वाण्याच्या दुकानात ‘आज रोख उद्या उधार’ ची पाटी असते ना, इथे रोज उधारीवरच चाललंय आणि पाटी कोणी लावत नाही.

याचा अर्थ ते प्रयोग खोटे होते असा घेऊ नका हं. एका वेळी एकच भाग तपासायचा असतो, उत्प्रेरक चालतो का ते बघायचंय तर इलेक्ट्रॉनची सोय तात्पुरती कुठून तरी करायची, हे प्रयोगशाळेत बरोबरच आहे. चूक होते ती बातमी लिहिणाऱ्याची, तो ही सोय गाळून टाकतो.

आणि चिमणीचं म्हणाल तर चिमणीच्या धुरात कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, कोळशाच्या बॉयलरला १२ ते १५ टक्के, हवेत तो फक्त ०.०४ टक्के आहे, तेवढं बरंय. पण त्याच धुरात ऑक्सिजन असतो आणि ऑक्सिजन हा इलेक्ट्रॉनचा पक्का चोर, कॉम्प्लेक्सने प्रकाश घेऊन जरा उत्तेजित व्हायचा अवकाश की हा येऊन ती ऊर्जा किंवा तो इलेक्ट्रॉन पळवतो. शिवाय सल्फरचे नायट्रोजनचे ऑक्साइड, राख. म्हणजे आधी धूर धुवा, गाळा, ऑक्सिजन काढा, मग कॉम्प्लेक्सपाशी न्या. तुम्ही स्क्रबर चालवला असेल तर त्याचा खर्च तुम्हीच मला सांगाल.

प्रश्न : कार्बन मोनॉक्साइड म्हणजे बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं मरतात तोच ना? मग तो मुद्दाम कशाला बनवायचा? आमच्या बिल्डिंगमध्ये असं होता होता वाचलंय म्हणून विचारते.
– एक वाचक, कोपरखैरणे

हो ताई, तोच. आणि आधी ते गीझरचं बघा, बाथरूमला झरोका नसेल तर गॅस गीझर बाहेर बसवा, हे उत्तर पहिलं, केमिस्ट्री नंतर.

मुद्दाम बनवतात कारण कारखान्यासाठी तो कच्चा माल आहे. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन एकत्र असले की त्याला सिनगॅस म्हणतात, त्यातून मिथेनॉल बनतं, आणि जर्मनीत १९२० च्या दशकात फिशर आणि ट्रॉप्श यांनी त्यातूनच द्रव इंधन करायची पद्धत काढली, दक्षिण आफ्रिकेत तर कोळशापासून त्याच मार्गाने पेट्रोल-डिझेल केलं जातं. म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हाताशी आला की पुढचा रस्ता जुना आणि पाठ असलेला आहे. काही कॉम्प्लेक्स त्याऐवजी फॉर्मिक अॅसिड देतात, मुंगी चावल्यावर जे झोंबतं ते, त्यालाही कातडी कमावायला आणि रबराचा चीक गोठवायला गिऱ्हाईक आहे. बंद नळ्यांमध्ये सगळं होतं, घराच्या बाथरूममध्ये नाही.

प्रश्न : मी ठाण्यात एमएस्सी पार्ट वनला आहे. सगळ्या पेपरमध्ये रुथेनियम, रेनियम, इरिडियम असे महागडे धातू का वापरतात? आयर्नने होत नाही का? आणि प्रोजेक्टमध्ये यंत्राच्या आलेखावर कार्बन मोनॉक्साइडचा पीक (उंचवटा) आला तर उत्प्रेरक चालला असं म्हणता येईल का?
– एक विद्यार्थी, वर्तकनगर

तुझ्या दोन प्रश्नांपैकी दुसरा मला जास्त आवडला, पण आधी पहिला.

महाग धातू वापरतात कारण ते गरीब वागतात. रुथेनियमला बायपिरिडीन नावाचे तीन लिगँड लावले की जे कॉम्प्लेक्स होतं ते ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश मस्त शोषतं, आणि शोषल्यावर धातूवरचा इलेक्ट्रॉन लिगँडवर उडी मारून तिथे जवळजवळ एक मायक्रोसेकंदापर्यंत टिकतो. तुला मला मायक्रोसेकंद म्हणजे काहीच नाही पण रेणूसाठी तो मोठा वेळ आहे, तेवढ्यात शेजारचा दाता येऊन रिकामी जागा भरतो आणि तो वर गेलेला इलेक्ट्रॉन पुढे उत्प्रेरकाला देता येतो. लोखंडाच्या साध्या कॉम्प्लेक्समध्ये हीच उत्तेजित अवस्था पिकोसेकंदाच्याही (मायक्रोसेकंदाचा दहा लाखावा भाग) आत खाली घसरते, हातात काही लागायच्या आत उष्णता होऊन जाते. म्हणून प्रकाश शोषायला रुथेनियम-इरिडियम. ते काम करणाऱ्याला फोटोसेन्सिटायझर म्हणतात हे तुला माहीत असेलच.

पण उत्प्रेरकाचं काम वेगळं आहे, तिथे लोखंड चालतं, आणि छान चालतं. रक्तातल्या हीमचं चुलत भावंड म्हणता येईल असं आयर्न पॉर्फिरिन घेऊन पॅरिसच्या मार्क रोबेर यांच्या गटाने २०१७ मध्ये थेट मिथेनपर्यंत मजल मारली, ते पण दिसणाऱ्या प्रकाशात. मिथेनला आठ इलेक्ट्रॉन लागतात, आठ सीटची रिक्षा भरायची! त्यांनी दोन टप्पे केले, आधी कार्बन मोनॉक्साइड आणि मग त्याचं मिथेन, दुसऱ्या टप्प्यात जे बनलं त्यातलं ८२ टक्क्यांपर्यंत मिथेन होतं, पण क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या प्रकाशातला कामी आलेला वाटा, ०.१८ टक्के, आणि सेन्सिटायझर इरिडियमचाच. म्हणजे मजूर स्वस्त पण मुकादम महाग. निकेलचं सायक्लॅम नावाच्या लिगँडबरोबरचं कॉम्प्लेक्स १९८४ पासून माहीत आहे, ते विजेवर पाण्यात सुद्धा हायड्रोजनऐवजी कार्बन मोनॉक्साइड देतं, त्या कामात सोवाज होते, ज्यांना २०१६ ला मॉलिक्युलर मशीनसाठी नोबेल मिळालं. मँगनीजचं, म्हणजे रेनियमच्याच गटातल्या वरच्या धातूचं कॉम्प्लेक्स २०११ मध्ये आलं. जपानमध्ये इशितानींच्या गटाने तांब्याचा सेन्सिटायझर आणि लोखंड किंवा मँगनीजचा उत्प्रेरक अशा जोड्याही चालवून दाखवल्यात. त्यांचंच आधीचं काम, रुथेनियमचा सेन्सिटायझर आणि रेनियमचा उत्प्रेरक एकाच रेणूत पुलाने जोडायचं, ते नक्की वाच, कारण त्यात कळतं की दोघं द्रावणात एकमेकांना शोधत फिरण्यापेक्षा एका घरात राहिले तर काम किती सुधारतं.

रेनियमवर मात्र प्रेम बसू देऊ नकोस. पृथ्वीच्या कवचात तो अब्जात एक भाग इतका पण नाही, आणि जो निघतो त्यातला बराचसा विमानाच्या इंजिनांकडे जातो. लोखंड पाच टक्के आहे. यावर अजून काय बोलायचं.

आता तुझा पीक. नाही, पीक आला म्हणून उत्प्रेरक चालला असं म्हणता येत नाही, आणि हे मी अनुभवाने सांगते. मी लॅबमध्ये असताना, कुठल्या ते राहू दे, आम्ही डायमिथाइलफॉर्ममाइड या सॉल्व्हंटमध्ये (द्रावकात) एक कॉम्प्लेक्स टाकून रात्रभर दिव्याखाली ठेवलं आणि सकाळी फॉर्मेट (फॉर्मिक अॅसिडचंच रूप) दिसलं, कार्बन मोनॉक्साइडचा पण बारीक पीक, आम्ही इतके खूश की कँटीनवाल्याला वडापाव सांगून मोकळे. मग एका सिनियरने शांतपणे विचारलं, कार्बन डायऑक्साइड न सोडता केलंस का? त्याऐवजी आर्गॉन, कशातच भाग न घेणारा वायू, सोडून परत केलं, आणि पीक तसाच्या तसा! फॉर्मेट आलं होतं सॉल्व्हंटच्या हायड्रोलिसिसने, म्हणजे तो पाण्याने मोडून, डायमिथाइलफॉर्ममाइड मोडलं की फॉर्मिक अॅसिड आणि डायमिथाइलअमाइन होतं, आणि कार्बन मोनॉक्साइड आला होता आमच्याच कॉम्प्लेक्सवरून गळून, त्याच्यावर तीन कार्बनिल लिगँड, म्हणजे धातूला चिकटलेले कार्बन मोनॉक्साइडच, होते की. उत्प्रेरक चालला नव्हता, तो मरत होता आणि मरताना गॅस सोडत होता. वडापावचे पैसे मलाच भरायला लागले.

तेव्हा हे सगळं कर : एकदा अंधारात, एकदा कॉम्प्लेक्सशिवाय, एकदा दात्याशिवाय, एकदा आर्गॉनमध्ये. आणि शक्य असेल तर कार्बन-१३ चा, म्हणजे जरा जड कार्बनचा, कार्बन डायऑक्साइड मागव, तो महाग असतो, गाइड कुरकुरतील, पण रेणूचं वजन दाखवणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर कार्बन मोनॉक्साइड २८ ऐवजी २९ वर आला तरच तो तुझ्या गॅसमधून आला. टर्नओव्हर नंबर पण मोजायचा, म्हणजे एका कॉम्प्लेक्सने मरण्याआधी किती रेणू बनवले. तो तीनच्या खाली आणि कॉम्प्लेक्सवर कार्बनिल तीन, असं असेल तर काय झालंय ते मी वर लिहिलंच आहे.

प्रश्न : एवढं करण्यापेक्षा झाडं लावावीत ना? आणि ते होत नसेल तर सोसायटीच्या गच्चीवर असं काही बसवता येईल का?
– एक सोसायटी सेक्रेटरी, खारघर

झाडं लावाच, आणि लावण्यापेक्षाही आहेत ती तोडू नका, आपल्या ठाणे खाडीच्या कांदळवनाला २०२२ मध्ये रामसर दर्जा (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळालाय, ते चिखलात कार्बन पुरून ठेवतं ते आपल्या कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त वर्षं टिकतं. पण झाडाला फार हुशार समजू नका. पिकं साधारण एक टक्का सूर्यप्रकाशच साठवतात, आणि कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को नावाचं एन्झाइम सेकंदाला तीन-चार रेणूच हाताळतं, त्यात पण अधूनमधून चुकून ऑक्सिजन पकडतं, अगदी सरकारी खिडकी. झाडाकडे जे आहे आणि आपल्याकडे नाही ते वेगळंच, ते इलेक्ट्रॉन पाण्यातून घेतं. पानात मँगनीज आणि कॅल्शियमचं एक छोटं गाठोडं असतं, ते पाणी फोडतं, ऑक्सिजन बाहेर सोडतं. तिथे उधारी नाही, पाणी आहे. ऐरोलीच्या काकांना मी जे विचारलं त्याचं उत्तर पिंपळाच्या पानाने फार आधी काढून ठेवलंय.

माणसानेही ते थोडं जमवलंय. जपानमधल्या टोयोटाच्या संशोधन प्रयोगशाळेने २०११ मध्ये रुथेनियमचं कॉम्प्लेक्स सेमीकंडक्टरवर बसवून, दात्याऐवजी पाणी वापरून फॉर्मेट बनवलं, कार्यक्षमता होती ०.०३ ते ०.०४ टक्के. चार वर्षांत त्यांनीच सिलिकॉन-जर्मेनियमचा सोलर सेल आणि इरिडियम ऑक्साइड घेऊन ती ४.६ टक्क्यांवर नेली. ऊन आणि पाणी, बळी कोणाचा नाही. मला विचाराल तर या विषयातला खरा आनंद हा आहे, पण याचा फॉरवर्ड मला कुणी पाठवला नाही.

आता तुमची गच्ची. समजा १०० चौरस मीटर मोकळी आहे (टाक्या आणि वाळवणं सोडून), आपल्याकडे दिवसाला चौरस मीटरमागे साधारण पाच युनिट ऊन पडतं, म्हणजे ५०० युनिट, त्यातलं एक टक्का साठलं तर पाच. एक किलो कार्बन डायऑक्साइडचा कार्बन मोनॉक्साइड करायला कमीत कमी १.८ युनिट ऊर्जा लागते, म्हणजे दिवसाला पावणेतीन किलो झाला. एक लिटर पेट्रोल जळालं की २.३ किलो निघतो. अख्ख्या गच्चीने दिवसभर राबून सव्वा लिटर पेट्रोलचा धूर निस्तरला, तोही अर्धवटच, कारण कार्बन मोनॉक्साइडचं पेट्रोल व्हायचं अजून बाकी. तुमच्या बिल्डिंगमध्ये बाइक किती आहेत? तेव्हा सध्या सोलर पॅनल लावा, लिफ्टचं बिल तरी कमी येईल.

प्रश्न : मुलीला याच विषयात पीएचडी करायची आहे. घरचे म्हणतात स्कोप नाही. काय करावं?
– एक आई, घणसोली

करू द्या. पवईच्या आयआयटीत कार्बन पकडण्यावर आणि वापरण्यावर राष्ट्रीय केंद्र आहे, म्हणजे घणसोलीहून ऐरोलीचा पूल ओलांडला की फार लांब नाही, ट्रॅफिक सोडून. फक्त तिला एवढं सांगा की ज्या गाइडकडे जाईल त्यांना पहिल्या भेटीत विचार, सर तुमचे इलेक्ट्रॉन कुठून येतात. गाइड हसले तर ठीक, चिडले तर दुसरा गाइड.

प्रश्न : ते लाल पाणी कुठे विकत मिळेल? पोरांना दाखवायचंय.
– कळवा

फोटोतलं द्रावण रंगावरून तरी रुथेनियम बायपिरिडीनचं वाटतंय. तसं असेल तर ते फक्त प्रकाश शोषतं, एकटं ठेवलं तर त्याचं काहीच इंधन होत नाही, नुसतं चमकतं. पोरांना तेच दाखवा, एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये ओळख असेल तर चिमूटभर पाण्यात घालून अंधारात निळा टॉर्च मारायला सांगा, केशरी-लाल उजेड येतो. विकत नका घेऊ, चिमटीभराचे पण चांगले पैसे पडतात.